कॉमन ॲप : अर्ज लेकीचा, मग आई-बाबांनी काय करायचं?

अमेरिकेत बारावीतलं मूल ज्या घरात आहे, त्या घरात ऑगस्टपासून एकच नाव कानावर पडत असतं, कॉमन ॲप, म्हणजे एकाच ऑनलाइन अर्जानं अनेक कॉलेजांकडे प्रवेश मागायची सेवा. आमच्या लेकीचे अर्ज गेल्या हंगामात त्यावरूनच गेले. तेव्हापासून ओळखीच्या मराठी घरांतून फोन येतात आणि प्रश्न ठरलेला असतो : "तुम्ही त्यात किती लक्ष घातलंत?" काहीजणी आडवळणानं न जाता थेट विचारतात, "पासवर्ड तुझ्याकडे होता ना?" नव्हता. मागितलाही नव्हता. कॉमन ॲपबद्दल माझं मत चांगलं होण्याचं मोठं कारण हेच की, कुठली कामं मुलाची आणि कुठली पालकांची, हे त्याच्या मांडणीतच बऱ्यापैकी स्पष्ट आहे. फक्त ती मांडणी नीट वाचायला हवी. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितेय.

आधी ही सेवा काय आहे ते सांगते. १९७५ साली १५ खासगी कॉलेजांनी मिळून ठरवलं की विद्यार्थ्यानं प्रत्येक कॉलेजसाठी वेगळा कागद भरण्यापेक्षा सगळ्यांनी एकच अर्ज चालवून घ्यावा. पुढे १९९८ मध्ये तो ऑनलाइन आला आणि आज १००० पेक्षा जास्त कॉलेजं त्यात आहेत. दर वर्षी १ ऑगस्टला नव्या हंगामाचा अर्ज उघडतो. नाव, पत्ता, शाळा, कुटुंब, परीक्षा, उपक्रम आणि मुख्य निबंध हे सगळं एकदाच भरायचं आणि निवडलेल्या कॉलेजांना पाठवायचं. यादीत जास्तीत जास्त २० कॉलेजं ठेवता येतात. सगळी कॉलेजं मात्र इथे सापडत नाहीत. एमआयटीचा अर्ज स्वतंत्र आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कॅम्पसांचा अर्जही वेगळा, आणि त्यात एका मोठ्या निबंधाऐवजी आठपैकी चार छोट्या प्रश्नांची उत्तरं लिहायची असतात. त्यामुळे 'कॉमन ॲप केलं म्हणजे झालं' असं धरून चालू नका.

आता मूळ मुद्द्याकडे येते. आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी महाराष्ट्रात जे प्रवेश घेतले, त्यात निकाल लागला की खरं काम संपलेलं असायचं. मार्कांवर यादी लागायची. फॉर्म भरणं हे निव्वळ कारकुनी काम, त्यामुळे ते वडिलांनी केलं काय, काकांनी केलं काय, फरक पडत नसे. ती सवय आपल्या हातात मुरलेली आहे. मुलांचा फॉर्म दिसला की आपण पेन उघडतो. पण इथला अर्ज म्हणजे फॉर्म नव्हेच, ती उत्तरपत्रिका आहे. कॉलेजातला माणूस तो वाचून ठरवतो की हे मूल कसा विचार करतं, कशात वेळ घालवतं, स्वतःबद्दल काय सांगायचं निवडतं. परीक्षेच्या हॉलमध्ये मुलाची उत्तरपत्रिका आपण लिहीत नाही, आणि तसं लिहायचं आपल्या मनातही येत नाही. कॉमन ॲप समोर आलं की मात्र येतं, कारण ते बघायला अगदी फॉर्मसारखं दिसतं! एवढा एक फरक घरात सगळ्यांना पटला की पुढचे निम्मे वाद होतच नाहीत.

सुरुवात अकाउंट उघडण्यापासून होते. ते मुलाच्या नावानं आणि मुलाच्या ईमेलनं उघडायचं. आपला ईमेल तिथे घालू नका, हे मी फोनवर प्रत्येकाला सांगते. कॉलेजांचं सगळं बोलणं त्याच पत्त्यावर येतं. मुलाखतीचं बोलावणं, राहिलेल्या कागदाची आठवण, पोर्टलची लिंक, सगळं तिथेच. ते आईच्या इनबॉक्सात पडलं तर उत्तरही आई देते आणि मुलाला आपल्याच अर्जाची बातमी जेवणाच्या टेबलावर कळते. शाळेचा ईमेलही नको, शाळा संपली की तो बऱ्याच ठिकाणी बंद होतो. लेकीनं या कामासाठी एक साधा नवा पत्ता काढला. रोज संध्याकाळी तो बघायचा, एवढंच आमच्यात ठरलं होतं.

कुटुंबाचा विभाग आला तेव्हा मात्र तिनं मला शेजारी बसवलं. तिथे आई-वडिलांचं शिक्षण, पदवी कुठली, कोणत्या साली, नोकरी काय, भावंडं किती असे प्रश्न असतात. आपल्या आईनं नेमकं कुठल्या विषयात एम.एस्सी. केलं हे सतरा वर्षांच्या मुलीला पक्कं ठाऊक असतंच असं नाही. मी माझ्या पदवीबद्दल सांगत गेले, ती टाइप करत गेली. मध्येच तिनं विचारलं, "आई, तुझ्या आईनं किती शिक्षण घेतलं होतं?" हा प्रश्न अर्जात नव्हता. त्या संध्याकाळी अर्ज बाजूलाच राहिला आणि आम्ही माझ्या आईबद्दल खूप वेळ बोलत बसलो. तो विभाग दुसऱ्या दिवशी पूर्ण झाला. पालकांनी आपणहून वेळ द्यायची ही जागा आहे. इथे घाई करू नका.

उपक्रमांच्या विभागाबद्दल जरा जास्त लिहिते, कारण पालकांचा हात सगळ्यात आधी इथेच सुटतो. जास्तीत जास्त दहा उपक्रम देता येतात. प्रत्येकात तुमचं पद ५० अक्षरांत, संस्थेचं नाव १०० अक्षरांत आणि काय केलं ते १५० अक्षरांत. शब्द नव्हेत, अक्षरं, आणि त्यात मोकळी जागाही मोजली जाते. शिवाय कोणत्या इयत्तांत केलं, आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे, हेही. लेक आमच्या इथल्या मराठी शाळेत सर्वांत लहान मुलांच्या वर्गाला मदत करायची. तिनं पहिल्या मसुद्यात लिहिलं ते साधारण असं : बाराखडी गिरवून घेते, डब्यांची झाकणं उघडून देते, रडणाऱ्या मुलाला बाहेर फिरवून आणते, वर्ग संपला की खुर्च्या रचते. एका हितचिंतकांनी तो वाचून सुचवलं की त्याऐवजी 'नेतृत्व', 'समन्वय', 'सांस्कृतिक वारशाचं जतन' असे वजनदार शब्द घाल. लेकीनं एकदा तसं लिहून पाहिलं, वाचलं आणि म्हणाली, "आई, हे कुणीही लिहू शकेल. झाकणं मीच उघडते." मग तिनं १५० अक्षरांत बसवायला काटछाट केली. खुर्च्या गेल्या, झाकणं राहिली.

ते वाक्य वाचून मला त्या वर्गाचा आवाज ऐकू येतो. 'सांस्कृतिक वारसा' वाचून काहीच ऐकू येत नाही. चाळीस-पन्नास वर्षांच्या माणसाला सतरा वर्षांच्या मुलाचं वाक्य दुरुस्त करायचा मोह होतो, आणि दुरुस्ती होते ती नेहमी याच दिशेनं : जे दिसतं ते काढून जे भारदस्त वाटतं ते घालायचं. अर्ज वाचणारी माणसं दिवसभर अर्जच वाचतात. पन्नाशीतलं वाक्य त्यांना लगेच ओळखू येत असणार, याबद्दल मला शंका नाही.

मग या विभागात पालकांनी करायचं काय? आठवायला मदत. नववीत काय काय केलं होतं हे मुलं खरंच विसरतात. माझ्या फोनमधले फोटो तारखांसकट होते, ते आम्ही दोघींनी चाळले. दहावीच्या उन्हाळ्यात ती शेजारच्या आजोबांना दवाखान्याच्या वेळा लावून द्यायची, सोबत जायची, हे तिच्या लक्षातच नव्हतं, कारण तिच्या मते तो काही 'उपक्रम' नव्हता. घरची जबाबदारी, धाकट्या भावंडाला सांभाळणं, पगारी नोकरी हे सगळं या विभागात लिहिता येतं आणि लिहावंही. आपल्या मुलांना वाटतं की क्लब, पदकं आणि स्पर्धा म्हणजेच उपक्रम. घरातलं आणि शेजारचं काम आठवून देणं हे आई-बाबांचं खरं योगदान. तास मात्र तिनंच मोजले आणि खरे तेवढेच लिहिले.

निबंध. जास्तीत जास्त ६५० आणि कमीत कमी २५० शब्द. सात विषय दिलेले असतात, त्यातला शेवटचा 'तुमच्या मनातला कुठलाही'. निबंधाच्या बाबतीत मी फार ठाम आहे, त्यामुळे कुणाला कडक वाटलं तरी लिहिते. विषय सुचवू नका. मूल विचारेपर्यंत वाचायला मागू नका. विचारलं तर वाचा, आणि वाचून प्रश्न विचारा, वाक्यं देऊ नका. आपल्या घरांत निबंधाचा विषय पालकांच्या डोक्यात आधीच तयार असतो : आम्ही कसे परदेशी आलो, किती कष्ट केले, आणि त्यातून तू कशी घडलीस. ती गोष्ट आपली आहे. मुलाची गोष्ट वेगळी असू शकते आणि बहुधा असतेच.

लेक शनिवारी गावातल्या वाचनालयात पगारावर पुस्तकं रचायचं काम करायची. परत आलेल्या पुस्तकांत लोकांच्या विसरलेल्या चिठ्ठ्या सापडतात : किराण्याच्या याद्या, बसची तिकिटं, एखाद्या मुलाचं चित्र. त्या चिठ्ठ्यांचं काय करायचं, हा तिच्या निबंधाचा विषय. फेकायच्या? पुस्तकातच ठेवायच्या? हे मला कधी सुचलं असतं? तिनं मला तिसरा की चौथा मसुदा दाखवला तेव्हा मी एवढंच विचारलं की त्या चित्राचं शेवटी काय झालं, कारण निबंधात ते अर्ध्यावर सोडलेलं होतं. तिनं त्यावर दोन दिवस विचार केला आणि शेवटचा परिच्छेद नव्यानं लिहिला. काय लिहिलं ते इथे सांगत नाही, ते तिचं आहे.

नियमांच्या बाजूनंही हे महत्त्वाचं आहे. अर्ज पाठवताना विद्यार्थी सही करून लिहून देतो की ही सगळी माहिती खरी आहे आणि हे माझं स्वतःचं काम आहे. २०२३ पासून कॉमन ॲपच्या फसवणुकीच्या नियमांत एआयकडून लिहून घेतलेला मजकूर आपला म्हणून देणंही आलं आहे. आईनं निम्मा निबंध लिहिला तर त्या सहीचा अर्थ काय उरतो? मुलानं मोठं होऊन केलेली पहिली महत्त्वाची सही खोटी असावी, अशी आपली इच्छा नसते ना?

या धंद्यातल्या सल्लागारांबद्दलही बोलायला हवं. एका खासगी सल्लागार सेवेशी आम्ही भेट घेऊन बोललो होतो. नाव देत नाही. बाई हुशार होत्या, कॉलेजांची माहिती पक्की होती. पण त्या सगळा वेळ माझ्याशी आणि नवऱ्याशी बोलत होत्या. लेक तिथेच बसलेली, आणि तिच्याकडे बघून एकही प्रश्न नाही. त्यांच्या पॅकेजमध्ये 'निबंधाचं संपूर्ण पॉलिशिंग' होतं आणि लॉगिन त्यांच्याकडे द्यायची अट होती. आम्ही नको म्हणालो. सगळे सल्लागार असे असतात असं मी म्हणणार नाही. मुलाशी बोलणारे, लॉगिन न मागणारे आणि मुलानं लिहिलेल्या मसुद्यावर फक्त प्रश्न विचारणारे सल्लागारही आहेत. पहिल्या भेटीत ते कुणाकडे बघून बोलतात, यावर निर्णय घ्या.

हे फार टोकाला गेलं तर काय होतं ते २०१९ च्या मार्चमध्ये सगळ्या जगानं पाहिलं. रिक सिंगर नावाच्या सल्लागारानं श्रीमंत पालकांकडून पैसे घेऊन परीक्षांचे गुण वाढवून दिले, कधी मैदानावर न उतरलेल्या मुलांना खेळाडू म्हणून दाखवलं. त्याला पुढे साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. अभिनेत्री फेलिसिटी हफमन हिला १४ दिवसांची शिक्षा झाली, मुलीच्या परीक्षेतली उत्तरं बदलून घेतल्याबद्दल. मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं, असं तिनं स्वतः सांगितलं. मला त्या प्रकरणातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागली. आईचा आपल्यावर विश्वास नव्हता, हे त्या मुलीला प्रकरण उघड झाल्यावर कळलं. आपण कुणी लाच देणार नाही, हे खरं. पण मूल झोपल्यावर त्याचा निबंध उघडून 'जरा नीट' करणं, यातून मुलाला जे कळतं ते त्याच जातीचं असतं.

शिफारसपत्रांवरून आमच्या घरी थोडी चर्चा झाली. अर्जात फर्पा नावाच्या, विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींबद्दलच्या १९७४ च्या कायद्याचा एक भाग येतो. शिक्षकांनी लिहिलेली पत्रं नंतर बघण्याचा हक्क विद्यार्थी तिथे सोडू शकतो, आणि बहुतेक मुलं सोडतात, म्हणजे शिक्षक मोकळेपणानं लिहितात. नवऱ्याला प्रश्न पडला, "म्हणजे पत्रात काय लिहिलंय ते आपल्याला कधीच दिसणार नाही?" नाही. शिक्षकांना विनंती करायचं कामही तिचंच. अकरावी संपतानाच तिनं दोन शिक्षकांना वर्गात जाऊन विचारलं. पालकांनी शिक्षकाला ईमेल करून पत्र मागणं फार वाईट दिसतं, आणि ते गरजेचंही नाही.

पालकांना मनसोक्त लिहायला मिळतं ती जागा कॉमन ॲपच्या बाहेर, शाळेत आहे. बऱ्याच शाळांतले काउन्सेलर, म्हणजे विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक, पालकांना एक प्रश्नावली देतात, तिला 'ब्रॅग शीट' म्हणतात. तुमच्या मुलाचं वर्णन करा, एखादा प्रसंग सांगा, काही अडचण आली होती का ते लिहा. काउन्सेलर त्यावरून स्वतःचं शिफारसपत्र लिहितात. शाळा-काउन्सेलरांची संघटना सांगते की एका काउन्सेलरमागे २५० विद्यार्थी असावेत, आणि अनेक सरकारी शाळांत त्याहून कितीतरी जास्त असतात. म्हणजे तुमच्या मुलाला ओळखायला त्यांना वेळ नसतो, मन असलं तरी. ही प्रश्नावली 'ती खूप मेहनती आणि प्रामाणिक आहे' असं दोन ओळीत उरकू नका. मी शेजारच्या आजोबांबद्दल लिहिलं. कुठल्या दिवशी बस चुकली, मग तिनं दवाखान्यात फोन करून वेळ कशी बदलून घेतली, आणि घरी येऊन हे कुणाला सांगितलंही नाही, आजोबांनीच आम्हाला सांगितलं. ते लिहायला मला दोन रात्री लागल्या आणि त्या कारणी लागल्या. निबंधात घालावीशी वाटणारी तुमची सगळी वाक्यं इथे लिहा. इथे ती तुमच्याच नावावर जातात.

दुसरी जागा पैशांची, आणि इथे मात्र पालकांनी कमी पडून चालत नाही. कॉमन ॲप पैशांचं काम करत नाही. अर्जशुल्क परवडत नसेल तर माफीची सोय त्यात आहे, ती जरूर बघा. पण आर्थिक मदतीचे अर्ज वेगळे : केंद्र सरकारचा फॅफ्सा, आणि अनेक खासगी कॉलेजांसाठी कॉलेज बोर्डचं सीएसएस प्रोफाइल. फॅफ्सामध्ये पालकाला स्वतःचं वेगळं अकाउंट काढावं लागतं आणि आयकराची माहिती थेट घ्यायला स्वतःची संमती द्यावी लागते. ते अकाउंट मुलानं आपल्या वतीनं काढायचं नसतं. मला हे फार योग्य वाटलं. तिच्या अर्जावर माझी सही चालत नाही आणि माझ्या उत्पन्नावर तिची चालत नाही.

पण पैशांचं बोलणं फॅफ्साच्या आधी व्हायला हवं, यादी करतानाच. आपल्या घरांत हे होत नाही. 'तू फक्त मन लावून अभ्यास कर, पैशांचं आम्ही बघतो' असं आपण प्रेमानं म्हणतो, आणि मग एप्रिलमध्ये आलेलं पत्र हातात घेऊन मुलाला सांगतो की हे जमणार नाही. जवळजवळ प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो. २०११ पासून तो ठेवणं त्यांना कायद्यानं बंधनकारक आहे. उत्पन्न आणि बचत घातली की आपल्याला साधारण किती पडेल त्याचा अंदाज येतो. अकरावीच्या उन्हाळ्यात आम्ही तिघं बसलो, आकडे घातले, आणि नवऱ्यानं तिला आमची मर्यादा स्पष्ट सांगितली. तिचा चेहरा जरा उतरला. यादीतून दोन नावं तिनं स्वतःच काढली. ते बघणं मला जड गेलं. पण ती सतरा वर्षांची होती, आणि घरचा आकडा कळायला ते वय लहान नाही.

अर्ली डिसिजनमध्ये, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर केलेल्या अर्जात, तर हे टाळताच येत नाही. तिथे प्रवेश मिळाला तर तिथेच जाणार असा करार असतो, आणि त्यावर विद्यार्थी, पालक आणि काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या लागतात. संपूर्ण अर्जात पालकांची सही मागितली जाते ती याच कागदावर, आणि ती का मागितली जाते याचा विचार करून मगच ती करा. आर्थिक मदत मागितलेल्या विद्यार्थ्याला मिळालेली रक्कम पुरेशी नसेल तर करारातून मोकळं होण्याची सोय आहे. पण वेगवेगळ्या कॉलेजांची मदतीची पत्रं शेजारी ठेवून तुलना करण्याची संधी जाते ती जातेच. आम्हाला ती तुलना हवी होती, म्हणून लेकीनं अर्ली डिसिजन केलं नाही.

आता ॲपच्या वापराबद्दल थोडं. विभाग पूर्ण झाला की हिरवी खूण येते, मजकूर आपोआप सेव्ह होतो, डॅशबोर्डवर प्रत्येक कॉलेजची अंतिम तारीख दिसते. सोपं आहे, मुलांना एकट्यानं जमतं. एक गोष्ट आधी सांगून ठेवते. प्रत्येक कॉलेजचे स्वतःचे वेगळे प्रश्न असतात आणि ते कॉलेज यादीत घातल्यावरच दिसतात, काही तर आधीच्या एखाद्या उत्तरावर अवलंबून उघडतात. त्यामुळे 'मुख्य निबंध झाला, आता काय राहिलं' असं सप्टेंबरमध्ये वाटतं आणि ऑक्टोबरमध्ये कळतं की अजून दहा-बारा छोटे निबंध बाकी आहेत. सगळी कॉलेजं ऑगस्टमध्येच यादीत घालून प्रश्न एका जागी उतरवून काढा. हे काम लेक आणि नवरा यांनी मिळून केलं. त्यानं एक तक्ता केला : कॉलेज, तारीख, प्रश्न, शब्दमर्यादा, पत्रं पोचली की नाही. तो फ्रिजवर लावला आणि त्यात भरायचं काम तिचं. नवऱ्यानं 'झालं का?' हा प्रश्न फक्त रविवारी विचारायचा ठरवलं आणि तो पाळला. रोज विचारण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला, कारण उरलेले सहा दिवस घरात इतर विषयांवर बोलता आलं.

पाठवण्याआधी संपूर्ण अर्जाची पीडीएफ समोर येते, ती तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इथे दुसऱ्या माणसाची नजर उपयोगी पडते. तिनं मला ती वाचायला दिली, आणि मी फक्त जन्मतारीख, पत्ता, फोन, विषयांची नावं असं तपासलं. शेवटी विद्यार्थी स्वतःचं नाव टाइप करून सही करतो, बटण दाबतो आणि पडद्यावर रंगीबेरंगी कागद उडतात. ते बटण कृपा करून मुलाला दाबू द्या. एका कॉलेजला अर्ज गेला की तो त्या कॉलेजपुरता बदलता येत नाही, पण पुढच्या कॉलेजांना पाठवण्याआधी दुरुस्ती करता येते. त्यामुळे पहिला अर्ज अशा कॉलेजला पाठवा जिथे फार ताण नाही.

पाच तारे असतील तर मी चार देईन. एक कापते तो छोट्या निबंधांच्या लपलेल्या ढिगाऱ्यासाठी. पालकांना मुलाच्या अर्जात डोकावायची खिडकी नाही म्हणून तारा कापणारेही भेटतील, पण माझ्या लेखी ती या सेवेची सगळ्यात चांगली गोष्ट आहे.

अर्ज गेल्यावर प्रत्येक कॉलेज आपलं पोर्टल उघडून देतं, तेही मुलाच्याच नावानं. निकाल तिथेच लागतो. निकाल कुठे बसून बघायचा, एकट्यानं की सगळ्यांसोबत, हे मुलाला आधीच विचारून ठेवा. आमच्या लेकीला खोलीत एकटीला बघायचा होता आणि आम्ही खाली थांबलो. कॉलेज निवडून कळवायची नेहमीची तारीख १ मे, आणि जागा पक्की करण्याची रक्कम साधारण तेव्हाच भरायची असते. त्यानंतर मूल १८ वर्षांचं झालं किंवा कॉलेजात शिकायला लागलं की त्याच फर्पा कायद्यानं शैक्षणिक नोंदींचे हक्क त्याच्याकडे जातात, आणि मुलाच्या संमतीशिवाय कॉलेज साधारणपणे आपल्याला मार्कही सांगत नाही. आपल्यासाठी जुलैपर्यंत एक काम मात्र उरतं, ते म्हणजे लसीकरणाचा दाखला. बहुतेक कॉलेजं तो मागतात, आणि सगळ्या तारखा असलेलं जुनं कार्ड घरात नेमकं कुठल्या फाइलीत आहे, हे फक्त आईलाच ठाऊक असतं.